रुखवतातला बगळा

सुनावणीची तारीख कळली तेव्हा सगुणा न्हाणीत पाटावर बसली होती, पाय लांब पसरून, आणि पायांवर सात महिन्यांची पुतळी पालथी होती. हात तेलाने, डाळीच्या पिठाने भरलेले. "वकील हाय गो," म्हणत सासूने, इंदुबाईंनी, फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून दत्तात्रेय वकील म्हणाले, "बुधवार, वीस तारीख, सकाळी साडेदहा. मुंबईची कचेरी. यायचं म्हणजे यायचं."

"येते," सगुणा म्हणाली आणि मग तिने खाली बघितलं. पोरगी पिठाची मूठ तोंडात घालायला निघाली होती. हिला कुठं ठेवायचं?

भानगड होती बगळ्याची.

इंदुबाईंच्या पापडांच्या पुडक्यावर एक बगळा असतो. एका पायावर उभा, मान आत ओढलेली, शेपटीचा एक तुकडा उडालेला. हा कुणा चित्रकाराने काढलेला नाही. इंदुबाईंचे सासरे काळुराम यांचं खाडीत मिठागर होतं, तेव्हाचा तो लाकडी छापा. संध्याकाळी मिठाची रास रचून झाली की ओल्या मिठावर चहूबाजूंनी छापा उठवायचा. रात्रीतून कुणी पाटीभर मीठ उचललं तरी बगळा मोडायचा आणि सकाळी चोरी कळायची. ज्याचं मिठागर त्याचं चित्र. कुणाचा खेकडा, कुणाचं कमळ, काळुरामचा बगळा. शेपटी त्यांच्याच हातून कोयता निसटून तुटली होती. पुढे एका उधाणाला बांध फुटला, खाडी आत शिरली ती शिरलीच. मिठागर गेलं, छापा राहिला. घर चालवायला इंदुबाई पापड लाटून पेणच्या दुकानात द्यायला लागल्या, तेव्हा म्हाताऱ्याने छापा फळीवरून काढला, धोतराला पुसला आणि सुनेपुढे ठेवला. "आता ही तुजी रास. उठव छापा." इंदुबाईंनी कपड्याची नीळ कालवून खाकी पुडक्यावर पहिला बगळा उठवला, तेव्हा त्यांचा शिवा पाळण्यात होता. आता शिवा धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातो आणि पाळण्यात त्याची लेक आहे.

बगळा सरकारदरबारी नोंदवून घ्यावा ही सगुणेची कल्पना. पनवेलचा एक मोठा दुकानदार म्हणाला होता, नोंदवलेलं चित्र असेल तर माल ठेवीन. तिने अर्ज भरला, इंदुबाईंची सही घेतली, वकिलांमार्फत पाठवला. उत्तर आलं ते असं, की पाण्यात एका पायावर उभा असलेला एक पक्षी दुसऱ्या एका पापडवाल्या कंपनीच्या नावावर आधीच नोंदला आहे, आणि ती कंपनी तो शहाण्णव सालापासून वापरते. तुमचा त्याच्याही आधीचा असेल तर पुराव्यानिशी दाखवा.

"कंपनीची यात चूक नाय हां," वकील म्हणाले होते. "बगळे काय फक्त आपल्याच खाडीत असतात? प्रश्न एवढाच, आधी कुणाचा. आपण दाखवू शकलो तर राहिला. नाय दाखवू शकलो, तर उद्या ती कंपनी म्हणू शकेल, पाकिटावरून काढा."

पाकिटावरून काढा. हे शब्द ऐकल्यापासून इंदुबाई बोलायच्या कमी झाल्या होत्या.

सगुणा मात्र कामाला लागली. पोर निजली की ती कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला बसायची. पहाटे पाचला उठणे. पुतळीला पाजणे. सहाची रिक्षा, पेणच्या रामवाडी स्टँडवरून एस.टी. वाटेत पुतळीला पाजणे (कुठे?). मुंबईत वकील भेटणार. दुपारी दोनपर्यंत सुटका झाली तर... इथवर आलं की पाळण्यातून कुरकुर सुरू व्हायची आणि पेन्सिल तशीच पडायची. त्या यादीत "पुतळीला पाजणे" पाच वेळा होतं आणि "पुरावा" एकदाच. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

पुराव्याची गंमत आधीच होऊन गेली होती. महिन्याभरापूर्वी वकिलांनी निरोप दिला होता, जुनी पाकिटं असतील तेवढी आणा. इंदुबाईंनी स्वतः पुडकं बांधून दिलं. रामवाडीला वकिलांच्या टेबलावर ते सुटलं तर आत दहा पाकिटं, कोरी करकरीत, खाकी कागदाची, प्रत्येकावर निळाशार बगळा, नीळ अजून बोटाला लागत होती.

वकिलांनी बोट बघितलं. "इंदुबाई, ही कधीची?"

"काल बसून केली. जुन्या पद्धतीनंच केली हां, प्लॅस्टिक नाय."

"अहो, मी जुनी मागितली होती!"

"आता सरकारच्या दारात जुनं तेलकट कागूद काय पाठवायचं? पाव्हण्याला कुणी फाटकी चटई देतं काय? मुंबईच्या सायबाच्या हातात जायचं, म्हणून चांगली केली."

वकिलांनी कपाळाला हात लावला. सगुणेला हसूही येत होतं आणि रडूही. कारण तेलकट कागद खरोखरच होते तेव्हा. फळीवर अंथरलेले चार-पाच तरी होते. पण सरकारी काम आहे म्हटल्यावर इंदुबाईंनी फळी झाडून पुसून घेतली होती आणि ते सगळे चुलीत घातले होते. सरकार जसं काही फळी बघायला येणार होतं!

त्यानंतर दोघींनी घर पालथं घातलं. पापडाचं पाकीट ही वस्तूच अशी, की माणूस पापड तळतो आणि कागद टाकतो. पेणचा तो पहिला दुकानदार वारला होता, दुकानात आता मोबाईल विकायचे. बिलं कधी नव्हतीच. छापा तेवढा होता.

"मग छापाच दाखवू," सगुणा म्हणाली. "वकील म्हणतात, अस्सल छापा घेऊन या. साहेब हातात घेऊन बघतील."

इंदुबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "हातात घेऊन?"

"व्हय. बघून परत देतील."

"सगुणे, छापा ज्याच्या हाती, रास त्याची. मामंजी मुकादमाच्या हातात बी देत नव्हते. स्वतः उठवायचे नि कमरेला लावून घरी आणायचे. शेजारच्या मिठागरवाल्यानं एकदा आजारपणात छापा मेव्हण्याच्या हातात दिला, तर वर्षभरात मिठागर मेव्हण्याचं झालं. आन् तू म्हणतेस सायबाच्या हातात देऊ."

"आई, ते मिठाचं होतं."

"रास ती रास," इंदुबाई म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या.

उरले बारा दिवस. सगुणेने ठरवलं, पुरावा नाही तर नाही, निदान पोरीची सोय करून टाकू. तिचं माहेर रोह्याच्या आतल्या बाजूला, भाताच्या नि वालाच्या शेतांमधलं गाव. सुनावणीच्या दिवशी पुतळीला आईकडे ठेवायचं, तर आधी एक दिवस ठेवून बघायला हवं, वाटी-चमच्याने दूध पिते का. म्हणून शनिवारी सकाळी तिने जिते स्टेशनात रोह्याची गाडी धरली. पोरगी खिडकीच्या गजाला हाताने वाजवत होती, आणि बाहेर खाचरांमध्ये वालाचे वेल पिवळे पडत चालले होते.

आईने, विमलबाईंनी, नात दारातच उचलून घेतली. "बघू गो माजी ठकी! आये तुजी वाळलीय कशी ती. जेवत नाय काय?"

"जेवते. झोपत नाय."

"सात महिन्यांचं पोर असलेली बाई झोपते कुठं? मी तर तू चालायला लागल्यावर झोपले."

दुपारी पुतळीने वाटीतलं दूध पहिल्या दोन चमच्यांना थुंकलं, तिसऱ्याला गिळलं, आणि मग चमचाच धरून बसली. सगुणेच्या जिवावरचा एक दगड उतरला. आणि उतरला म्हणून तिला जरा वाईटही वाटलं. आपल्यावाचून हिचं चालतं तर.

मग मायलेकी पडवीत बिरडं सोलायला बसल्या. भिजवून मोड आणलेले वाल, परातीत पाणी, आणि दोघींची बोटं. एक दाणा दाबायचा, साल बाजूला, डाळिंबी बाजूला. हे काम असं आहे की तोंड मोकळं राहतं. सगुणेने सगळं सांगितलं. बगळा, कंपनी, शहाण्णव साल, कोरी करकरीत पाकिटं. पाकिटांची हकिगत सांगताना ती हसली, तशी आईही हसेल असं तिला वाटलं होतं. आई हसली नाही.

"म्हणजे शहाण्णवच्या आधीचं कायतरी पायजे," विमलबाई म्हणाल्या.

"व्हय. ज्याच्यावर बगळा दिसेल. नि साल कळेल."

"नायतर?"

"नायतर बगळा जाईल, आये. आईंनी... सासूबाईंनी अजून जेवणात लक्ष नाय घातलेलं. आयुष्यभर त्या बगळ्याच्या मागं उभ्या राहिल्यात त्या. मिठागर गेलं, सासरे गेले, नवरा गेला. तो पाकिटावरनं गेला तर..." तिने चार वाल सालीसकट परातीत टाकले.

विमलबाईंनी ते चारही वाल परातीतून वेचून सोलले. बोटं चालू होती. मग एकदम म्हणाल्या, "तुजी हौसा आत्या आता येत नाय ना इकडं?"

"आत्या? ती काल माणगावला गेली ना, लेकीकडं. का?"

"दार लोटून घे."

सगुणेला काही कळेना. तिने दार लोटलं. विमलबाईंनी हात पदराला पुसले, आतल्या खोलीत गेल्या आणि लग्नाचा अल्बम घेऊन आल्या. काळ्या जाड पानांचा, मध्ये जाळीचा पातळ कागद. सगुणेने लहानपणापासून शंभर वेळा बघितलेला. मुंडावळ्या बांधलेली आई, घाबरलेले बाबा, जेवणाच्या पंगती. एका पानावर आजोबांचा एकट्याचा फोटो. विमलबाईंनी आजोबांना चारी कोपऱ्यांतून हळूच सोडवलं. त्यांच्या मागे दुसरा एक फोटो होता.

रुखवताचा. टेबलावर चादर, चादरीवर करंज्या, बोरं, चिवड्याचं ताट, लोकरीचे पोपट. पुढे पुठ्ठ्यावर कापसाची चिकटवलेली अक्षरं: चि.सौ.कां. विमल, आणि खाली तारीख, सहा मे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. आणि मधोमध, उतरंडीसारखी रचलेली, पापडांची सात पुडकी. खाकी कागद. प्रत्येकावर निळा बगळा. एका पायावर उभा. शेपटीचा तुकडा उडालेला.

सगुणेने फोटो उजेडाला नेला, जवळ आणला, लांब धरला.

"आये, हे तू... हा लपवून का ठेवला होतास?"

"लपवू नाय तर काय करू?" विमलबाई तटकन म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणला. "रुखवतात विकतचे पापड मांडले होते गो! माज्या आयेला त्या उन्हाळ्यात टायफॉईड झालेला. उडीद दळून पडला, लाटणार कोण? तुजा मामा पेणला गेला नि ही पुडकी घेऊन आला. मी म्हटलं, कागद काढून ताटात रचा, कुणाला कळणार हाय? तर माज्या शहाण्या भावाला वाटलं, चित्र छान दिसतं. त्यानं तशीच मांडली! नि तुजी हौसा आत्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली, 'आमच्या वहिनीच्या घरी लाटणं नाय वाटतं, बगळ्यानं लाटलेत पापड.' पंचवीस वर्षं झाली. अजून पापड तळले की तिला बगळा आठवतो. हा फोटो मी फाडणार होते. पण आपल्याच लग्नाचा फोटो कसा फाडायचा? म्हणून माज्या बाबांच्या मागं घातला."

सगुणा हसायला लागली. ती इतकी हसली, की पाळण्यातली पुतळी दचकून उठली आणि रडण्याऐवजी आईकडे बघून हसायला लागली. हसता हसता सगुणेचे डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत.

"आये, तुजं नाक कापलं म्हणून आमचं राहिलं गो."

"म्हणजे चालंल हा?"

सगुणेने फोटो उलटा केला. मागे रोह्याच्या फोटो स्टुडिओचा शिक्का होता, जांभळा, आणि शिक्क्यात तारीख. जांभळा रंग तिला कधी एवढा गोड वाटला नव्हता.

सोमवारी तिने फोटो वकिलांपुढे ठेवला. त्यांनी भिंग काढलं, पुढून बघितला, मागून बघितला आणि बसल्या जागी खुर्ची गर्रकन फिरवली. "अठ्ठ्याऐंशी! कंपनीच्या आठ वर्षं आधी! आता फक्त विमलबाईंचं प्रतिज्ञापत्र. हे पापड कुठले, कुणी आणले, कधी मांडले, सगळं त्यांच्या तोंडून."

खरी मौज तिथे झाली. विमलबाई रामवाडीला आल्या, मजकूर टाईप होऊन आला आणि वकिलांनी वाचून दाखवला. "...सदर पापड माझ्या माहेरी तयार केलेले नसून पेण येथील बाजारातून विकत आणलेले होते..."

"थांबा," विमलबाई म्हणाल्या. "हे 'तयार केलेले नसून' लिहायलाच पायजे?"

"तोच तर मुद्दा आहे, बाई."

"मग आयेला टायफॉईड झालेला ते बी लिहा."

"त्याचा खटल्याशी काय संबंध?"

"खटल्याशी नसंल. माज्याशी हाय. उद्या हौसाच्या हातात हा कागद पडला तर?"

वकिलांनी सगुणेकडे बघितलं. सगुणेने मान हलवली, लिहा. तर अशा रीतीने एका सरकारी कागदावर टायफॉईड चढला, आणि मगच विमलबाईंनी सही केली, एकेक अक्षर सुटं करून.

इंदुबाईंना फोटो दाखवायचं काम सगुणेने घरी येऊन केलं. सगळं सांगितलं, हौसा आत्यासकट. त्या पापडांच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि पुडकी मोजली. एक, दोन, सात. मग बोटाने सातव्या बगळ्याची शेपटी चाचपली, जसं काही ती लाकडाचीच होती.

"मना आठवत नाय गो," त्या हळूच म्हणाल्या. "किती लाटले, कुणी नेले, काय आठवत नाय. मांडवात जायाचे हायत म्हणून दुकानदार बोलला आसंल. मी दिले असतील." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "म्हणजे तू या घरात यायच्या आधी, तू जन्माला यायच्या आधी, तुज्या आयेचं रुखवत मी लाटलं."

"व्हय, आई."

"आन् ती बिचारी पंचवीस वर्षं तोंड लपवते." इंदुबाईंनी चष्मा काढला. "विहीणबाईंना सांग, माज्या पापडांना कुणी नाव ठेवलेलं नाय आजवर. हौसा का फौसा, तिनं खाल्ले ना ते? मग?"

त्या दिवशी त्या दोन भाकऱ्या जेवल्या.

पुढचे दिवस नुसत्या बेतात गेले, पण आता बेताला चव आली होती. कॅलेंडरच्या पाठीवरची यादी सगुणेने नव्याने लिहिली. पुतळीला रोह्याला ठेवायची नाही. विमलबाईच एक दिवस आधी येतील आणि सगळ्याच निघतील. बाहेर बाकावर आजी नातीला सांभाळेल, आत सासूसून जातील. दूध वाटीचं नि आईचं, दोन्ही जवळ. शिवाने रात्रपाळी मागून घेतली आणि येताना फ्लास्क आणला. "मी पण येऊ का?" त्याने विचारलं, तर इंदुबाई म्हणाल्या, "तू नीज. बायकांचं काम हाय."

राहिला छापा. त्याचं काय, हे सगुणेने मुद्दामच विचारलं नाही. बुधवारी पहाटे निघताना तिने पाहिलं, इंदुबाईंनी तो जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कमरेला खोचला होता, मामंजी खोचायचे तसा. शेजारच्या पिशवीत कुंकवाची रिकामी डबी होती, आणि डबीत कालवलेली नीळ.

कचेरीत पोहोचल्या तेव्हा दहा वाजले होते. लांब व्हरांडा, खुर्च्या, काळे कोट. विमलबाई पुतळीला मांडीवर घेऊन दाराशेजारच्या बाकावर बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक वकिलाला नात दाखवायला लागल्या. अकराला नाव पुकारलं.

आत टेबलामागे एक बाई होत्या, केस पिकत चाललेले, चष्मा नाकावर उतरलेला. दत्तात्रेय वकील मराठीत सुरू झाले, मग इंग्रजीत गेले, मग पुन्हा मराठीत आले. बाईंनी फोटो भिंगाखाली धरला. मागचा शिक्का वाचला. प्रतिज्ञापत्र वाचताना एका ठिकाणी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. टायफॉईडपाशी असावा, असं सगुणेला वाटलं.

"शेपटीचा हा तुकडा..." त्या म्हणाल्या. "मूळ छापा आणलाय?"

"हो मॅडम," वकील म्हणाले.

"बघू." आणि त्यांनी हात पुढे केला.

इंदुबाईंनी कमरेचा छापा काढला, लुगड्याचा तुकडा सोडला, आणि छापा दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्या हलल्या नाहीत. बाईंचा हात तसाच पुढे. वकिलांचा चेहरा लाल झाला. "इंदुबाई, द्या."

"देनार नाय," इंदुबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता पण सरळ होता. "दाखवीन."

एवढं जमून आलेलं, नि आता? सगुणा पुढे झाली. "मॅडम, आमच्याकडं छापा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. ज्याच्या हातात छापा, रास त्याची, असं आहे. त्या स्वतः उठवून दाखवतील. चालेल?"

बाईंनी हात मागे घेतला, सावकाश. मग एक कोरा कागद टेबलावर सरकवला. "उठवा."

इंदुबाईंनी डबी उघडली. नीळ बोटाने लाकडावर फिरवली, कडेपासून कडेपर्यंत, पीठ सारखं करावं तशी. छापा कागदावर टेकवला, अंगठ्याने आधी चोच दाबली, मग पाय, मग शेपूट, आणि उचलला. बगळा उभा राहिला.

बाईंनी शेजारी फोटो ठेवला. भिंग एकदा इकडे, एकदा तिकडे. तुकडा तिथेच उडालेला, तसाच, तेवढाच.

तेवढ्यात बाहेर पुतळीने सूर लावला. दार किलकिलं झालं आणि विमलबाई डोकावल्या. "सगुणे, चमचा फेकून दिला गो हिनं. आये पायजे म्हणते."

"ह्याच का विमलबाई?" बाईंनी विचारलं.

विमलबाई जागच्या जागी ताठ झाल्या. "व्हय."

"पापड कसे होते?"

विमलबाईंनी एकदा इंदुबाईंकडे बघितलं, एकदा मॅडमकडे. पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "एक उरला नाय," त्या म्हणाल्या. "ज्यांनी नावं ठेवली त्यांनी चार-चार खाल्ले."

बाई हसल्या, मान खाली घालून लिहायला लागल्या. सगुणा पोरीला घ्यायला बाहेर धावली, त्यामुळे पुढचं तिने पाहिलं नाही. बाकावर पदराखाली पुतळी चुटूचुटू प्यायला लागली, आणि दहा मिनिटांनी वकील बाहेर आले ते हात चोळतच.

"लेखी आदेश येईल," ते म्हणाले, "पण टेबलाच्या या बाजूने उलटं वाचायला मी तीस वर्षांत शिकलोय. 'स्वीकारला' लिहिलंय. आता सरकारी पत्रकात छापून येईल, चार महिने वाट बघायची. कुणी हरकत घेतली तर बघू. पण फोटो आपल्याकडं आहे."

"म्हणजे राहिला?" इंदुबाईंनी विचारलं.

"राहिला."

व्हरांड्यातल्या नळावर जाऊन इंदुबाईंनी निळी बोटं धुतली, तोंडावर पाणी मारलं, आणि उगाचच बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिल्या.

परतीच्या एस.टी.त तिघींना एकच बाक मिळालं. विमलबाई खिडकीशी बसल्या आणि पनवेल यायच्या आत घोरायला लागल्या. सगुणेच्या मांडीवर पुतळी पेंगुळलेली, डोकं कलंडलेलं, एका हातात आईच्या मंगळसूत्राचे मणी घट्ट. सगुणेचा हात मुंग्यांनी बधिर झाला होता, तरी तिला हलावंसं वाटत नव्हतं. किती दिवसांनी ती काही मोजत नव्हती. तास नाही, घोट नाही.

"दे इकडं तिला," इंदुबाई म्हणाल्या. "तू टेक जरा."

"तुम्ही पण दमलाय, आई."

"दे म्हणते ना."

इंदुबाईंना दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यांनी कमरेचा छापा काढला, लुगड्याच्या तुकड्यासकट, आणि सगुणेच्या मांडीवर ठेवला. मग नातीला अलगद उचलून खांद्यावर घेतलं. पुतळीने एकदा डोळे उघडले, ओळखीचा वास घेतला आणि पुन्हा मिटले.

छापा वाटला होता त्याहून जड होता. नीळ अजून ओली होती, कापडातून सगुणेच्या तळव्याला लागली. ती वाट बघत राहिली, आता मागतील, आता मागतील. तरणखोप आलं, गेलं. रामवाडीचा स्टँड आला. इंदुबाई नातीला घेऊन उठल्या, विमलबाईंना खांद्याला धरून हलवलं, "उठा विहीणबाई, आलं आपलं," आणि मागे न बघता पायऱ्या उतरल्या.

सगुणेने छापा कमरेला खोचला आणि त्यांच्या मागोमाग उतरली.